सर्व्हर बंद पडला? आधी हात मागे घ्या

गाडी चालवताना ऐकत असाल तर नुसतं ऐका, लिहून घ्यायची घाई करू नका. नेहमीप्रमाणे आजची संहिताही संग्रहात ठेवली आहे. संहितेत कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीत करायचे, अक्षरं लहान लिपीतली. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगेन.

आजचा विषय आहे लिनक्स सर्व्हर आणि त्याची नेहमीची दुखणी. काही जण म्हणतील, हे आमच्यासाठी नाही. पण कुवेतमधली आपली परिस्थिती बघा. मोठ्या कंपन्यांत त्यासाठी वेगळी माणसं असतात. छोट्या व्यापारी कंपनीत मात्र अकाउंट्समधल्या माणसाला मुदीर म्हणतो, "तू इंडियन आहेस ना, मग सर्व्हरचं तूच बघ." कोणाच्या घरी फोटो आणि व्हिडिओ साठवायला छोटा डबा ठेवलेला असतो, त्याच्या पोटातही बहुतेक वेळा लिनक्सच असतं. कोणाचा मुलगा नुकता नोकरीला लागलेला असतो. म्हणजे हा विषय कुठून ना कुठून आपल्या घरात येतोच.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. महिनाअखेर होती. रात्री साडेदहाला फोन आला. शुवैखमधल्या एका कंपनीत काम करणारा, कोल्हापूरकडचा मुलगा.

"दादा, पगाराचा सर्व्हर उघडत नाहीये. सकाळी दहापर्यंत बँकेला फाइल गेली नाही तर ऐंशी माणसांचा पगार अडकेल."

"आत्तापर्यंत काय काय केलंस?"

"तीनदा रीस्टार्ट केला. मग मायएसक्यूएल काढून परत टाकला."

"काढण्याआधी डेटाची कॉपी घेतलीस?"

फोनवर शांतता.

त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. इकामा कंपनीच्या नावावर, गावाकडे घराचा हप्ता, आणि सकाळी मुदीर विचारणार की हे कोणी केलं. अशा वेळी हाताला चाळा लागतो. काहीतरी करतोय असं वाटावं म्हणून माणूस बटणं दाबत सुटतो. त्या रात्री दोष काय होता ते पुढे सांगतो. आधी आजची मुख्य गोष्ट ऐका: सर्व्हर बंद पडला की पहिली पाच मिनिटं काहीही बदलायचं नाही. फक्त बघायचं आणि लिहायचं. नुकसान बरेचदा मूळ दोषापेक्षा घाईत केलेल्या दुरुस्तीने जास्त होतं.

रीस्टार्टचंच घ्या. रीस्टार्टने सर्व्हर सुरू होतोही, पण मेमरीत काय चाललं होतं, कोणती प्रोसेस अडकली होती, हा सगळा पुरावा पुसला जातो. मग तोच दोष चार दिवसांनी पुन्हा येतो आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर. आखातात आपण सगळेच शिकलेला शब्द आहे, खल्ली वल्ली. सर्व्हरच्या बाबतीत खल्ली वल्ली महागात पडतं.

तर कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहा. एक, स्क्रीनवर नेमका काय संदेश आला. शब्दन्शब्द. "चालत नाही" हा संदेश नव्हे. मोबाइलने फोटो काढलात तरी चालेल. दोन, केव्हापासून. तीन, त्याआधी काय बदललं होतं. कोणी अपडेट टाकलं का, पासवर्ड बदलला का, ऑफिसात वीज गेली होती का. "कोणी काही केलं नाही" हे उत्तर नेहमी येतं. ‘लास्ट’ ही कमांड दिली तर कोण केव्हा लॉगिन झालं होतं आणि सर्व्हर केव्हा रीबूट झाला ते दिसतं. तिला कोणाची भीड नसते.

आता बाहेरून आत जाऊ. पहिला प्रश्न, सर्व्हर खरंच बंद आहे, की आपला तिथे जायचा रस्ता बंद आहे? कुवेतमध्ये हा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण आपल्यातल्या अनेकांचे सर्व्हर मुंबईत किंवा युरोपात भाड्याने घेतलेले असतात आणि रस्ता समुद्राखालून जातो. ३० जानेवारी २००८ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या केबल तुटल्या आणि १ फेब्रुवारीला दुबईजवळ फाल्कन ही केबल तुटली. भारत आणि आखाती देशांतलं इंटरनेट रांगायला लागलं. फाल्कनच्या तुटीमागे जहाजाचा टाकून दिलेला पाच-सहा टनांचा नांगर निघाला. सप्टेंबर २०२५मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ पुन्हा केबल तुटल्या आणि त्याची झळ कुवेतलाही लागली. अशा दिवशी तुम्ही सर्व्हर दहा वेळा रीस्टार्ट केलात तरी काय होणार?

म्हणून आधी मोबाइलचं वायफाय बंद करून दुसऱ्या कंपनीच्या डेटावरून सर्व्हर उघडतो का बघा. पुण्यातल्या किंवा लंडनमधल्या ओळखीच्या माणसाला उघडून बघायला सांगा. त्यांच्याकडे उघडत असेल तर सर्व्हर ठीक आहे, रस्ता बिघडला आहे. ‘ट्रेसरूट’ आणि पुढे सर्व्हरचं नाव दिलंत तर रस्त्यातले थांबे क्रमाने दिसतात. पण मधल्या एखाद्या थांब्याने उत्तर दिलं नाही, तारका दिसल्या, म्हणून घाबरू नका. काही थांबे मुद्दामच उत्तर देत नाहीत. शेवटपर्यंत पोचतंय का ते बघायचं.

आकडी पत्त्याने पोचतंय पण नावाने नाही, असं झालं तर दोष डीएनएसचा. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी. ‘डिग’ आणि पुढे नाव, असं देऊन काय पत्ता येतो ते बघा. डोमेनचं वार्षिक भाडं भरायचं राहून गेलं, हे कारणही अनेकदा निघतं. ते क्रेडिट कार्ड ज्याच्या नावावर होतं तो माणूस दोन वर्षांपूर्वीच कुवेत सोडून गेलेला असतो.

एसएसएचने सर्व्हरमध्ये शिरताना तीन प्रकारचे नकार येतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. "कनेक्शन टाइम्ड आउट" म्हणजे दार वाजवलं आणि आतून काहीच आवाज नाही. मशीन बंद असेल, रस्ता तुटला असेल किंवा फायरवॉल गपचूप अडवत असेल. "कनेक्शन रिफ्यूज्ड" म्हणजे बहुतेक वेळा मशीन जागं आहे, पण त्या पोर्टवर ऐकायला कोणी बसलेलं नाही. म्हणजे एसएसएचची सर्व्हिस पडली किंवा पोर्ट बदलला. "परमिशन डिनाइड" म्हणजे दार आहे, पहारेकरीही आहे, तुमची चावी त्याला पटत नाही.

या तिसऱ्या प्रकारात एक चूक फार होते. काहीतरी चालत नाही म्हणून कोणीतरी सगळ्या फोल्डरला ‘सीएचमॉड ७७७’ मारतो, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं. त्यानंतर एसएसएच चावी घ्यायलाच नकार देतं, कारण होम फोल्डर किंवा चावीची फाइल दुसऱ्या कोणाला बदलता येत असेल तर तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही, असा त्याचा नियम आहे. होम फोल्डरवर तुमच्याशिवाय कोणाला लिहायचा हक्क नको, ‘.एसएसएच’ फोल्डरला ७०० आणि ‘ऑथोराइज्ड_कीज’ फाइलला ६०० परवानगी हवी.

आता आपण आत शिरलो असं धरू. आत गेल्यावर पहिली कमांड: ‘डीएफ -एच’. कोणती डिस्क किती टक्के भरली ते दिसेल. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा कारण इथेच सापडतं. शुवैखच्या त्या मुलालाही मी हेच विचारलं. ‘व्हार’ची डिस्क शंभर टक्के. एका प्रोग्रॅमची लॉग फाइल महिनोन्‌महिने वाढत गेली होती आणि डेटाबेसला लिहायला जागाच उरली नव्हती. रीस्टार्टने जागा कशी होणार? मायएसक्यूएल काढून टाकल्याने तरी कशी होणार? नशीब एवढंच, की त्याने नुसतं ‘रिमूव्ह’ केलं होतं. डेबियन आणि उबुंटूवर ‘रिमूव्ह’ केल्यावर डेटाचं फोल्डर जागेवर राहतं. ‘पर्ज’ केलं असतं आणि पुढच्या प्रश्नाला होकार दिला असता, तर ऐंशी माणसांचा हिशेब गेला असता.

कोणत्या फोल्डरने जागा खाल्ली ते शोधायला ‘डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१’ आणि पुढे फोल्डरचं नाव. वरून सुरू करून एकेक पायरी आत जायचं. सिस्टिमच्या जर्नलने जागा खाल्ली असेल तर ‘जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=५००एम’ दिल्यावर जुने तुकडे निघून जातात. त्यातला एम मोठा.

इथे दोन फसवे प्रकार आहेत. पहिला, तुम्ही मोठी फाइल पुसली तरी जागा मोकळी झालीच नाही. कारण एखादी प्रोसेस ती फाइल अजून उघडून बसली आहे. लिनक्समध्ये फाइलचं नाव पुसलं तरी ती धरून बसलेली शेवटची प्रोसेस सोडेपर्यंत जागा परत मिळत नाही. ‘एलएसओएफ +एल१’, यातला अधिक चिन्हानंतरचा एल मोठा, ही कमांड अशा फाइली दाखवते. मग फक्त ती एक सर्व्हिस रीस्टार्ट करायची, अख्खं मशीन नव्हे. दुसरा प्रकार, ‘डीएफ -एच’ म्हणतं जागा आहे, तरी "नो स्पेस लेफ्ट" येतं. तेव्हा ‘डीएफ -आय’ द्या. प्रत्येक फाइलला डिस्कवर एक नोंद लागते, तिला आयनोड म्हणतात. लाखो बारीक फाइली साठल्या की जागा असूनही नोंदवही भरते. मेलची रांग किंवा वेबसाइटच्या सेशन फाइली, हे नेहमीचे गुन्हेगार.

डिस्क ठीक असेल तर मेमरी बघा. ‘फ्री -एच’. इथे नवीन माणूस "फ्री"च्या खाली छोटा आकडा बघून घाबरतो. घाबरू नका. लिनक्स रिकामी मेमरी वाया घालवत नाही, वाचलेल्या फाइली त्यात ठेवून देतं आणि गरज पडली की लगेच सोडतं. बघायचा तो "अव्हेलेबल" हा आकडा. तोच शून्याकडे गेला असेल तर मात्र खरी टंचाई आहे. तशा वेळी कर्नल स्वतःच एखादी मोठी प्रोसेस मारून टाकतं, आणि मोठी प्रोसेस म्हणजे बहुतेक वेळा आपला डेटाबेस. "डेटाबेस आपोआप बंद पडतो" ही तक्रार आली की ‘डीमेसेज -टी’ द्या, टी मोठा, आणि त्यात "आउट ऑफ मेमरी" शोधा. सापडलं तर डेटाबेस निर्दोष आहे, मेमरी कोणी खाल्ली ते शोधायचं.

सर्व्हर बंद नाही पण मंद आहे, असं असेल तर ‘अपटाइम’. शेवटी तीन आकडे येतात, गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचा सरासरी भार. हा भार प्रोसेसरच्या संख्येशी ताडून बघायचा. ‘एनप्रॉक’ दिलं की संख्या कळते. चार प्रोसेसर आणि भार चारच्या आत असेल तर काळजीचं कारण नाही. भार वीस आहे, पण ‘टॉप’मध्ये प्रोसेसर रिकामा दिसतो, असंही होतं. लिनक्सच्या भारात डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात. ‘टॉप’च्या वरच्या ओळीत "डब्ल्यूए"चा आकडा मोठा असेल तर प्रोसेसर डिस्कसाठी ताटकळतो आहे.

त्यानंतर सर्व्हिस. ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’ दिल्यावर कोणत्या सर्व्हिस पडल्या त्याची यादी येते. एखादीबद्दल सविस्तर हवं असेल तर ‘जर्नलसीटीएल -यू’, पुढे सर्व्हिसचं नाव, मग ‘-एन ५०’. शेवटच्या पन्नास ओळी दिसतील. वाचताना शेवटची ओळ धरून बसू नका. वर सरकत जाऊन पहिली तक्रार कुठे सुरू झाली ते शोधा. शेवटची ओळ बरेचदा परिणाम सांगते, कारण पहिल्या तक्रारीत असतं. आणि कोणी आधीच रीस्टार्ट केला असेल तर ‘जर्नलसीटीएल -बी -१’ दिल्यावर मागच्या वेळच्या नोंदी दिसतात. मात्र त्यासाठी जर्नल डिस्कवर साठवलेलं हवं. ‘/व्हार/लॉग/जर्नल’ हे फोल्डर आहे का, ते आजच बघून ठेवा.

आता इथल्या हवेचं आणि विजेचं. २१ जुलै २०१६ला कुवेतमधल्या मित्रिबा इथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं आणि जागतिक हवामान संघटनेने ते तपासून मान्य केलं. जून २०२४मध्ये विजेची मागणी एवढी वाढली की मंत्रालयाला भर दुपारी काही भागांत एक-दोन तास वीज बंद ठेवावी लागली. आता छोट्या ऑफिसचा सर्व्हर कुठे असतो ते आठवा. चहाच्या कपाटाशेजारी किंवा स्टोअररूममध्ये. शुक्रवारी सुट्टी म्हणून एसी बंद. दारं बंद. त्यात तुझ, म्हणजे धुळीचं वादळ, येऊन गेलेलं. आतले पंखे धुळीने माखलेले. असा सर्व्हर तापला की आधी प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. ‘डीमेसेज’मध्ये "थ्रॉटल्ड" असा शब्द दिसला तर प्रोग्रॅम तपासत बसू नका, खोलीत जाऊन उभे राहा. ‘सेन्सर्स’ ही कमांड बसवलेली असेल तर तापमान आकड्यात दिसतं.

अचानक वीज गेली किंवा डिस्क मरायला लागली की एक वेगळा संदेश येतो, "रीड-ओन्ली फाइल सिस्टिम". काहीच लिहिता येत नाही. लोक याला दोष समजतात, पण ही बचावाची व्यवस्था आहे. कर्नलला डिस्कच्या मांडणीत चूक दिसली, म्हणून आणखी बिघडू नये यासाठी त्याने लिहिणं थांबवलं. तेव्हा जबरदस्तीने लिहिणं सुरू करू नका. आधी ‘डीमेसेज’मध्ये "आय/ओ एरर" आहे का बघा. असेल तर पहिलं काम डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेणं. ‘एफएससीके’ ही दुरुस्तीची कमांड डिस्क वापरात असताना कधीही चालवायची नाही. ‘स्मार्टसीटीएल -ए’ आणि डिस्कचं नाव दिल्यावर जी यादी येते त्यात क्रमांक ५ आणि १९७ बघा. हे खराब झालेल्या आणि संशयित जागांचे आकडे. ते वाढत असतील तर नवी डिस्क आणा. यूपीएसबद्दल एकच सांगतो. यूपीएस नुसता लावून भागत नाही. बॅटरी संपायच्या आत सर्व्हरला नीट बंद हो असं सांगणारी वायर आणि प्रोग्रॅमही लागतो.

वीज जाऊन आल्यावर आणखी एक गंमत होते. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपलेली असेल तर सर्व्हरचं घड्याळ काही वर्षं मागे जातं. मग सगळी सुरक्षा प्रमाणपत्रं "अजून लागू झालेली नाहीत" असं दिसतं आणि वेबसाइट, मेल सगळं रुसतं. ‘टाइमडेटसीटीएल’ देऊन घड्याळ बघा. प्रमाणपत्राची मुदत संपणं हे तर नेहमीचंच. लेट्स एन्क्रिप्टची फुकट प्रमाणपत्रं ९० दिवसांच्या मुदतीने अनेकांनी घेतलेली असतात आणि नूतनीकरण आपोआप होईल असं गृहीत धरलेलं असतं. मध्येच कोणी फायरवॉलमध्ये ८० क्रमांकाचा पोर्ट बंद केला की नूतनीकरण गुपचूप अडू शकतं. ‘सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन’ ही रंगीत तालीम आहे, काही न बदलता अडचण दाखवते.

घड्याळावरून आपल्या खास अडचणीकडे येतो. भाड्याचे सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसी वेळेवर चालतात. यूटीसीत रात्रीचे २ वाजले की कुवेतमध्ये पहाटेचे ५ आणि पुण्यात सकाळचे साडेसात. घटना कधी घडली याचा हिशेब करताना कोणतं घड्याळ ते आधी लिहा, नाहीतर कुवेतचा माणूस एका नोंदीबद्दल बोलतो आणि पुण्याचा दुसऱ्या. शिवाय सुट्टी. कुवेतमध्ये २००७पासून शुक्रवार-शनिवार सुट्टी आहे, पण लिनक्स बनवणाऱ्यांनी रविवार सुट्टीचा धरला. डेबियन आणि उबुंटूवर अ‍ॅनाक्रॉन नसेल तर आठवड्याची साफसफाई ठरलेली असते रविवारी ६ वाजून ४७ मिनिटांनी. सर्व्हर यूटीसीवर असेल तर इथे तेव्हा पावणेदहा वाजून गेलेले असतात, आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ऐन कामाच्या वेळी. सॉफ्टवेअर रेड असलेल्या डेबियनवर डिस्कची मोठी तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी होते आणि मोठ्या डिस्कवर ती कित्येक तास चालते. "महिन्यातून एकदा रविवारी सर्व्हर का मंद होतो?" या कोड्याचं उत्तर अनेकदा इथे असतं. ही कामं शुक्रवारी पहाटे नेऊन ठेवा.

आणखी एक आजार म्हातारपणाचा. सेंटओएस ७चा आधार ३० जून २०२४ला संपला. तरी ती अनेक ऑफिसांत चालू आहे. तिथे ‘यम’ दिल्यावर पत्ता सापडत नाही असा संदेश येतो, कारण जुनी भांडारं संग्रहालयात हलवली. पत्ता बदलून तात्पुरतं भागवता येतं, पण सुरक्षेची नवी दुरुस्ती मिळत नाही. मुदीरला हे लेखी कळवा. नंतर काही झालं तर निदान सांगितलं नव्हतं असं होणार नाही.

आता बॅकअप. ३१ जानेवारी २०१७ची गिटलॅबची गोष्ट सांगतो. जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात अशी ही सेवा. रात्री उशिरा दुरुस्ती करताना एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसचं फोल्डर पुसायला घेतलं. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला होता. मग बॅकअप शोधायला गेले. रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे होतच नव्हता आणि तो होत नाही हे सांगणारी ईमेल पोचत नव्हती. शेवटी वाचवलं ते कोणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या कॉपीने. सहा तासांचा डेटा कायमचा गेला.

हे जगप्रसिद्ध कंपनीत, तज्ज्ञ माणसांच्या हातून झालं. म्हणून पुसणारी कोणतीही कमांड देण्याआधी ‘होस्टनेम’ देऊन आपण कुठे आहोत ते बघा. आणि परत उतरवून पाहिलेला नसेल तो बॅकअप नाहीच असं समजा. तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या मशीनवर खरोखर उतरवून बघा. मालकांशी बोलताना तांत्रिक शब्द नकोत, दोनच प्रश्न विचारा. सर्व्हर किती तास बंद राहिला तर चालेल? आणि किती तासांचं काम पुन्हा करावं लागलं तर चालेल? या दोन उत्तरांवरून खर्च किती करायचा ते त्यांचं त्यांनाच कळतं.

मग रीस्टार्ट कधीच करायचा नाही का? करायचा. मशीन पूर्ण गोठलं असेल, कमांडला उत्तरच देत नसेल, तर करावाच लागतो. पण आधी दिसेल तेवढं लिहून घ्या, स्क्रीनचा फोटो काढा, शक्य असेल तर ‘डीमेसेज’ची कॉपी सर्व्हरबाहेर ठेवा. आणि एकदाच करा. एकदा करून फरक पडला नाही तर तिसऱ्यांदा करूनही पडणार नाही.

शुवैखच्या त्या रात्रीचं सांगून थांबतो. आम्ही फोनवरच आधी डेटाच्या फोल्डरची कॉपी दुसऱ्या डिस्कवर घेतली. लॉग फाइल बाहेर हलवली, जागा झाली, डेटाबेस उठला. नोंदी जुळतात का ते तपासेपर्यंत पहाटेचे तीन वाजले. सकाळी पावणेदहाला फाइल बँकेत गेली. ऐंशी घरांना त्या रात्रीचं काही कळलंही नाही.

तो मुलगा म्हणाला, "दादा, आता सगळं चालू आहे. मुदीरला सांगायलाच हवं का?"

मी म्हटलं, "अरे, सांग. काय झालं, का झालं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, एका पानावर लिहून दे. मायएसक्यूएल काढलास तेही लिही."

त्याने लिहून दिलं. मुदीर रागावला, मग लॉग आपोआप कापायची सोय आणि बॅकअपसाठी वेगळी डिस्क मंजूर केली. लपवलं असतं तर डिस्कही मिळाली नसती आणि सहा महिन्यांनी तीच रात्र पुन्हा आली असती.

तुमच्या सर्व्हरजवळ एक कागद चिकटवून ठेवा. वर मोठ्या अक्षरांत लिहा: आधी लिहा, मग हात लावा. खाली आजचा क्रम: रस्ता, डिस्क, मेमरी, सर्व्हिस, तापमान, घड्याळ, बॅकअप. आणि ज्याला फोन करायचा त्याचा नंबर. रात्री साडेदहाला डोकं चालत नाही, कागद चालतो.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत नमस्कार.